कॉर्बिनची तीन मिनिटं

कॉर्बिन हागेडोर्न कॉलेजच्या साप्ताहिकात सदर लिहायचा. अर्धं बास्केटबॉलवर, अर्धं इंडियाना राज्याच्या राजकारणावर. दोन्ही विषय तो एकाच हलक्या हाताने उचलायचा. आपले आमदार आणि आपली बचावफळी सारखीच, असं त्याने एकदा लिहिलं होतं. हात वर करून उभे राहतात, अडवत कुणालाच नाहीत. कँटीनमध्ये मुलं ते वाक्य आठवडाभर म्हणत होती. लोक हसले की त्याला वाटायचं, आपण काहीतरी केलं.

मग त्या मार्चमध्ये विधान भवनातल्या अनुदानं बंद करणाऱ्या एका विधेयकात त्याला टेसाच्या केंद्राचं नाव दिसलं.

टेसा त्याची मोठी बहीण, सव्वीस वर्षांची. तिची समज लहानपणीच एका जागी थांबली होती. गावाबाहेरच्या एका केंद्रात ती आणि तिच्यासारखी वीसेक माणसं काम करायची. जवळच्या कारखान्याचे बोल्ट यायचे, ते बारा-बारा मोजून पिशव्यांत भरायचे. टेसाची पिशवी कधी चुकत नसे. राज्याचं अनुदान थांबलं की जूनमध्ये केंद्राला कुलूप लागणार होतं.

विधेयक तपासणाऱ्या समितीसमोर कुणालाही बोलता येई. सुनावणी सुरू होण्याआधी कागदावर नाव लिहायचं, मग तीन मिनिटं मिळत. कॉर्बिनने भाषण लिहिलं, त्यात एकही विनोद नव्हता. तो घरी ते म्हणून बघायचा तेव्हा टेसा हातात आजोबांचं घड्याळ धरून वेळ मोजायची.

"बाराचं सांगितलंस का?" ती दर वेळी विचारायची.

"सांगितलं की. दुसऱ्याच वाक्यात."

"आणि मी चुकत नाही, ते?"

"ते तिसऱ्या."

सुनावणी गुरुवारी होती आणि त्याच दिवशी कॉलेजचा सामनाही. एकोणीस वर्षांनी संघ राष्ट्रीय स्पर्धेत पोचला होता. कॉर्बिनने फ्रिजवर चिठ्ठी लावली : सुनावणी दहा, सामना सहा दहा.

राज्याच्या त्यांच्या कोपऱ्यातल्या जिल्ह्यांत घड्याळ राजधानीच्या एक तास मागे चालतं. घरच्या वेळेला लोक धीमी वेळ म्हणतात, राजधानीच्या वेळेला जलद. सामन्याची वेळ कुठे छापलेली दिसली की त्यातून एक तास वजा करायचा, हे तिथल्या पोरांना शाळेत जाण्याआधीच कळतं. कॉर्बिननेही सात दहाचं सहा दहा केलं होतं. राजधानीतल्या सुनावणीच्या दहाला मात्र त्याने हात लावला नव्हता.

तो साडेसहाला आजोबांचा ट्रक घेऊन निघाला. रस्ता तीन तासांचा, म्हणजे अर्धा तास हाताशी. सात वाजता जिल्ह्याची हद्द ओलांडली आणि शेजारच्या सीटवरच्या फोनमध्ये सातचे आठ झाले. त्याने एकदा पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. दोन्ही बाजूंना मक्याची रिकामी शेतं होती, त्यांत साठलेलं पाणी होतं. त्याने पाय दाबला. ट्रक जुना होता, ताशी सत्तर मैलांच्या पुढे गेला की थरथरायचा.

विधान भवनाचे जिने तो धावत चढला तेव्हा दहा पस्तीस झाले होते. समितीच्या खोलीतून माणसं बाहेर पडत होती. बोलायला चौघंच आली होती, आणि अध्यक्षांना सामन्याला जायचं होतं. मतदान झालं होतं, अनुदान थांबवायच्या बाजूने आठ, विरुद्ध तीन.

दारात त्याच्याच मतदारसंघातले आमदार मर्लिन लेचनर उभे होते. गळ्यात कॉलेजच्या रंगाचा टाय.

"तू ऑगस्ट हागेडोर्नचा नातू ना? सदर लिहिणारा?"

"हो, साहेब. मला बोलायचं होतं. माझी बहीण त्या—"

"अरेरे. धीम्या वेळेने आलास की काय?" लेचनर मनापासून हसले. "माझंही पहिल्या वर्षी असंच झालं होतं बघ. बास्केटबॉलचं झकास लिहितोस हं तू. ते राजकारणाचं तेवढं सोड."

"तुम्ही मत कुठल्या बाजूने दिलंत?"

लेचनरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आजोबांना सांग, आठवण काढली म्हणून." मग ते जिना उतरून गेले.

घरी आजोबांनी चिली, म्हणजे खिमा-राजम्याचं तिखट कालवण, गरम करून ठेवली होती, सोबत पीनट बटरचं सँडविच. टेसा सामन्यासाठी लाल स्वेटर घालून कोचावर बसली होती.

"सांगितलंस?"

आजोबांनी चमचा खाली ठेवून त्याच्याकडे पाहिलं.

"सांगितलं," कॉर्बिन म्हणाला.

"बाराचं?"

"हो."

"मग ते काय म्हणाले?"

"ऐकून घेतलं त्यांनी."

संघ दोन गुणांनी जिंकला. रस्त्यावर गाड्यांचे भोंगे वाजू लागले, आणि टेसा खिडकीशी उभी राहून टाळ्या वाजवत राहिली. आजोबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "पोचला नाहीस ना?" त्यांनी हळूच विचारलं. कॉर्बिनने मान हलवली. "तिला तूच सांग," आजोबा म्हणाले. "मी नाही सांगणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तिला केंद्रावर सोडलं. दारापासूनच टेसा सगळ्यांना सांगत सुटली, माझ्या भावाने तिथे जाऊन सांगितलं. तिच्या शेजारच्या टेबलावरचा पन्नाशीचा वेंडेल उठला, हात पँटला पुसून त्याने कॉर्बिनचा हात धरला.

"शाब्बास, पोरा! म्हणजे आता बंद नाही ना होणार?"

केंद्र चालवणाऱ्या बाई कपाटाशी उभ्या होत्या. त्यांनी मतदानाची बातमी वाचली होती, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांनी मान खाली घातली.

"मी बोललो नाही," कॉर्बिन म्हणाला. "मी पोचलो तेव्हा संपलं होतं. चूक माझी."

वेंडेलला कळलं नाही. तो हसत हात हलवतच राहिला. टेसाला कळलं.

"तू म्हणालास, सांगितलं."

"खोटं बोललो मी, टेसा."

तिने स्वेटर काढून खुर्चीच्या पाठीला नीट अडकवला, हातमोजे घातले आणि त्याच्याकडे पाठ करून बसली. एकेक बोल्ट पिशवीत पडू लागला. बारा झाले की ती पिशवी बंद करायची आणि दुसरी घ्यायची. कॉर्बिन बराच वेळ दाराशी उभा होता. शेवटी बाई म्हणाल्या, "त्यांना काम करू दे, बाळा."