मामांच्या वहीतला हिवाळा

देशाच्या हवेवर खरी नजर कोणाची होती म्हणाल, तर ती दवनीवाड्याच्या माझ्या थोरल्या मामांची. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी त्यांनी गोंदियाच्या बाजारातून एक थर्मामीटर आणला, घरामागच्या कुडाच्या भिंतीला टांगला आणि रोज पहाटे नि रोज भर दुपारी पारा वहीत उतरवू लागले. मे महिन्यात गाव सावलीला पडलेलं असे, तेव्हा हे डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन भिंतीपुढे उभे! माझं लग्न त्याच गावात लागलं. मामा म्हणून माझ्यामागे उभं राहायचं, तर ऐन मुहूर्ताला स्वारी गायब. परत आले ते अगदी तृप्त चेहऱ्याने. म्हणाले, "अक्षता दोन मिनिटं थांबते, भाचेबुवा. दुपार थांबते काय?"

दहा-बारा वर्षांच्या वह्या जुळवल्यावर मामांना शोध लागला. उन्हाळा जिथल्या तिथे होता, पण पहाटेचा पारा दर हिवाळ्यात थोडा वर सरकत होता. म्हणजे देशाची थंडी चालली! उभ्या गावाने 'पारावाले' म्हणून चिडवलेल्या माणसाला आता नागपूरच्या वेधशाळेची शाबासकी हवी होती. माझं अक्षर बरं, म्हणून मला बोलावून घेतलं. मी पत्र लिहीत होतो, मामा वह्या फडक्यात बांधत होते, तेवढ्यात मामी चहा घेऊन आल्या.

"अजी, थंडी कायले जाईन?" मामी म्हणाल्या. "त्या कुडाच्या आतून माझी चूल हाय ना! तुमी पहाटे गारठ्यात उभे राहता, मंग खोकत बसता. म्हणून तुमच्या आंघोळीच्या पाण्यासाठी दरसाल जराशी लवकर पेटवून राहिली मी."

मामांचं तोंड बघण्यासारखं झालं. मी हसू दाबलं, पण कसलं दबतंय!

"मंग इतके वर्षं बोलली काऊन नाही?"

"तुमी विचारलं काय?"

मामांनी पत्र फाडलं. थर्मामीटर आंब्याला टांगा, असं मी सुचवलं. "राहू दे तिथंच," एवढंच म्हणाले, आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा त्याच भिंतीपुढे उभे.

मामी गेल्या, त्यानंतरच्या हिवाळ्यात मी दवनीवाड्याला गेलो होतो. पहाटे मामा थर्मामीटरपुढे उभे होते. आत चूल पेटलेली नव्हती. त्यांनी पारा नीट पाहिला, वहीत लिहिला आणि वही माझ्यापुढे धरली. आकडा घसरून थेट पहिल्या वर्षाच्या आकड्याला टेकला होता.

"पाय बाप्पा," मामा म्हणाले, "थंडी वापस आली."