हुंकाराचा सा

कन्नड मुलखात रुजलेल्या आमच्या शिंप्याच्या घरात कात्री आणि भजन दोन्ही वारशाने येतं, आणि माझ्या हातून दोन्ही वाकडंच जायचं. शिवण निदान उसवता येते. विठ्ठल मंदिरात दर एकादशीला बायकांचं भजन असे आणि गाण्याची पट्टी ठरलेली, पेटीवरची काळी पाच. आजीचा बारीक आवाज तिथे लागायचा म्हणून ती तिच्या काळात ठरली, ती ठरलीच. आजीनंतर आत्या भजन सांगू लागली. वरच्या साजवळ गेलं की माझा आवाज फाटे. ही पट्टी उंच आहे म्हटलं, तर "नाचता येईना, अंगण वाकडं" म्हणून सगळ्या हसल्या. "सुम्मने टाळ वाजव ग," आत्या म्हणाली. मी मुकाट्याने टाळ वाजवला, पण आतून धुमसत होते.

पुढे बोलतानाही घसा दुखायला लागला, तेव्हा आवाजावर उपचार करणाऱ्या एका बाईंकडे गेले. त्या गप्पिष्ट. आपल्या सासूची कहाणी कन्नडमध्ये रंगवून सांगत होत्या, मी नुसती "हूं, हूं" करत होते. मध्येच थांबून म्हणाल्या, "हा तुमचा आवाज. बाकीचा उसना."

घरी येऊन चप्पल न काढताच पेटी ओढली. हूं म्हटलं आणि तो सूर शोधला. काळी तीन. तिथून गायले, आणि वरचा सा लागला. लागला आणि टिकला! मी इतकी ओरडले की शेजारीण बघायला आली. आनंद पोटात मावत नव्हता, तिलाही हूं म्हणायला लावलं.

तेव्हापासून मी गाणं शिकवते. हिनकलला माडीवरच्या खोलीत संध्याकाळी जवळच्या मेटगळ्ळीच्या कारखान्यांतून सुटलेल्या बायका येतात. नवीन कोणी आलं की मी आधी एक चटकदार गोष्ट सांगते, तिने हुंकार द्यायचा. तिचा सा सापडला की मला दर वेळी नाचावंसं वाटतं.

गेल्या वर्षी एके दिवशी दारात आत्या उभी. तिचा आवाज वर चिरकायला लागला होता आणि मंडळीत कुजबुज सुरू होती.

"या एकादशीला जमलं नाही तर भजन सोडणार मी," ती म्हणाली. "तुला हसू येत असेल."

हसू कुठलं, मी तिला पेटीजवळ बसवलं. एका लग्नात पुरणाच्या होळिगेवरून झालेलं भांडण मी तिला मीठमसाला लावून सांगितलं. "हूं," ती म्हणाली. "हूं, मग?" मी सूर शोधत खाली गेले. काळी तीनच्याही खाली, पांढरी तीन.

तिथून ती गायली. भरदार, गोल, कधी न ऐकलेला आवाज. संपल्यावर तिने पेटीवर हात ठेवला.

"अय्यो, मग इतकी वर्षं मी कोणाच्या आवाजात गात होते ग?"

"आजीच्या," मी म्हटलं.

एकादशीला पेटीवाल्या काकांनी सवयीने काळी पाच धरली. आत्याने हात वर केला. "स्वल्प खाली घ्या. पांढरी तीन."

"मंडळीला जमेल का?" काकांनी विचारलं.

आत्याने थेट सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला माझ्या पाठीमागून भरघोस आवाज उठला. मी वळून पाहिलं. वर्षानुवर्षं मागे बसून नुसता टाळ वाजवणाऱ्या ज्या काकूंचा सूर मी जन्मात ऐकला नव्हता, त्या डोळे मिटून गात होत्या.