केळझर मागे राहिलं त्याची गोष्ट

मी एकदा शेजारच्या बाईंना बेकायदेशीरपणे नागपूर जिल्ह्यात नेलं आहे. सोबत माझी बायको सुमन होती, तिच्या मांडीवर नारळ होता, आणि माझी एकतीस वर्षं सरकारी मोजणी खात्यात गेली होती. (म्हणजे लोकांना त्यांच्या हद्दी दाखवण्याचा मी पगार घेत होतो!)

त्या बाई म्हणजे रेखाभाभी. पाकिस्तानातल्या सिंधमधून नवरा, दोन पोरी आणि शिलाई मशीन घेऊन आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीत आल्या. आज आमच्या गल्लीतला एकही ब्लाउज त्यांच्या हातून सुटलेला नाही. कोथिंबिरीची सांबारवडी तर सुमनपेक्षा झकास करतात (हे वाक्य घरी वाचून दाखवणार नाही). पण कागदावर परदेशी! व्हिसा वाढवत राहायचा आणि परवानगीशिवाय जिल्हा ओलांडायचा नाही. सख्ख्या भाचीचं नागपूरला लग्न होतं, परवानगीचा कागद एक दिवस उशिरा आला, तर बाई घरी बसल्या. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं.

अकरा वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज शेवटाला आला. पुढच्या आठवड्यात चौकशी होती. भाभींचा नवस केळझरच्या गणपतीचा, आणि केळझर आपल्याच जिल्ह्यात. "मी नेतो!" म्हणालो.

सेलू ओलांडलं आणि मी माझा आवडता किस्सा काढला: नुसत्या नजरेनं मी एका वावराची हद्द कशी ओळखली होती! किस्सा रंगात आला तशी भाभींची चुळबुळ सुरू झाली.

"भाऊ, गणपतीचा डोंगर तं मांगं गेला न?"

"फिरून रस्ता आहे," मी ठोकून दिलं.

"तुमाले रस्ता मालूम तरी हाये का?" सुमन म्हणाली.

उत्तर रस्त्याकडेच्या फलकानं दिलं. नागपूर जिल्ह्यात स्वागत!

"थांबवा!" भाभी अशा ओरडल्या की नारळ सुमनच्या पायावर पडला. "माया कागदात नागपूर नाई!"

गाडी थांबताच त्या उतरल्या, चालत फलकाच्या मागे गेल्या आणि वर्धा जिल्ह्यात उभ्या राहिल्या. मागोमाग लंगडत सुमन. मला वळायला दुभाजकात जागा सापडेना, म्हणून मी एकटाच आणखी चार किलोमीटर नागपूर जिल्ह्यात जाऊन आलो.

परतताना भाभी केळझरला थांबूही देईनात. "आधी साहेब, मंग देव! वर्ध्याले चला."

"कशाला भाभी? कोणी पाह्यलं काय?"

"मी पाह्यलं न!"

वर्ध्याला विदेशी लोकांच्या नोंदी ठेवणाऱ्या पोलीस कार्यालयात गेलो. टेबलामागच्या मॅडमनी सगळं शांतपणे ऐकलं.

"तुम्हाला तिथं कोणी अडवलं?"

"नाई, मॅडम."

"मग सांगायला काऊन आल्या?"

"इथंच राह्याचं हाये न, मॅडम."

मॅडमनी भाभींसाठी चहा मागवला आणि लिहून घेतलं की बाई स्वतःहून आल्या, चूक चालकाची. भाभींचं कौतुक करावं तेवढं थोडं, असं वाटून माझा ऊर भरून आला. तेवढ्यात मॅडम माझ्याकडे वळल्या.

"चालक तुम्ही? लायसन्स?"

घरी!

"मग आधार कार्ड?"

तेही घरी! मी खिसे चाचपत असताना भाभींनी पिशवीतून जाडजूड फाइल काढली. अर्जाला मी साक्षीदार होतो ना, माझ्या आधारची झेरॉक्स तिच्यात होती. त्या दिवशी मी भारतीय असल्याचं सरकारला एका पाकिस्तानी पासपोर्टवाल्या बाईनं पटवून दिलं.

दोन महिन्यांनी प्रमाणपत्र आलं. भाभी पेढे घेऊन आल्या, डोळे भरलेले. माझेही भरले.

"भाऊ, उद्या नागपूरले जाऊन राह्यलो. कोनाले इचारायची गरज नाई! येता का?"

"वा! गाडी काढतो!"

"गाडी नोका काढू. यष्टीनं जाऊ. तुमी माया बाजूले बसजा, कुठं उतराचं ते मी सांगीन."