माझ्या व्याह्यांची काच

सबंध बारामती तालुक्यात माणसांपेक्षा पाखरांशी घट्ट सोयरीक असलेला एकच गृहस्थ आहे, आणि माझ्या नशिबानं तो माझा व्याही आहे. आम्ही इंदापूरचे, मुलीकडचे. ते बारामतीचे, मुलाकडचे. त्यामुळे त्यांनी बोलायचं आणि मी मान डोलवायची, ही वाटणी आधीच ठरलेली. मुलगी बघायला आले तेव्हा शिक्षण, स्वयंपाक वगैरे चौकशी विहीणबाईंनी केली. ह्यांनी चहाची बशी हातात घेतली, आमच्या घराचं आढं न्याहाळलं आणि गंभीरपणे विचारलं, "हितं चिमण्या कुठं बसत्यात?" मी गडबडून म्हणालो, "मीटरच्या पेटीमागं घरटं आहे." त्यावर ते बायकोला म्हणाले, "सोयरीक करायला हरकत न्हाय." माझी लेक एम.एस्सी. आहे, पण तिचं लग्न जमलं ते चिमणीच्या घरट्यावर, असं आमच्याकडे अजून म्हणतात.

हयातभर त्यांनी खेड्यापाड्यांतल्या पोरांना विज्ञान शिकवलं. अंधश्रद्धा दिसली की त्यांच्या अंगाचा तिळपापड होतो. माझ्या गाडीला टांगलेली लिंबू-मिरची त्यांनी माझ्यादेखत सोडवली, मिरच्या आमटीत घालायला लावल्या आणि लिंबाचं सरबत मलाच पाजलं. घराबाहेर पडताना हातात शेवग्याच्या शेंगा काढायची आकडी असते. ती शेंगांसाठी नव्हे, तर झाडांत अडकलेला पतंगाचा मांजा काढण्यासाठी, कारण त्यात पाखरांचे पंख कापतात. एकदा मला घ्यायला एसटी स्टँडवर आले आणि मला साफ विसरून कडुलिंबाखाली वर तोंड करून आकडीनं मांजा सोडवत उभे राहिले. भोवती गर्दी जमली. एका बाईनं विचारलं, "काय पडलंय का वरनं?" हे म्हणाले, "पडू नये म्हणूनच चाललंय, बाई." मी पिशवी सांभाळत त्या गर्दीत उभा होतो. आमच्या तालुक्यात उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी येतात, ते बघायला चला, असं मी एकदा मोठ्या ऐटीत आमंत्रण दिलं. म्हणाले, "त्यांना बघायला सारी दुनिया हाय. आमच्या गल्लीतल्या बुलबुलाला कोण हाय?"

आणि नेमकं त्या बुलबुलावरच प्रकरण आलं. जावयानं कालव्याकाठी नवं घर बांधलं आणि दर्शनी बाजूला वरपासून खालपर्यंत आरशासारखी काच बसवली. त्या गल्लीत सध्या तशीच फॅशन आहे. काचेत कालव्याची झाडं इतकी हुबेहूब दिसत, की पाखरं झाड समजून वेगानं येत आणि आपटत. एक बुलबुल व्याह्यांच्या ओंजळीतच गेला. त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या सकाळी त्यांनी विहीणबाईंचा रांगोळीचा भोकाभोकांचा कागद उचलला, चुन्यात डिंक कालवला आणि शिडीवर चढून सगळी काच बाहेरून पांढऱ्या ठिपक्यांनी भरून टाकली. चार-चार बोटांवर ठिपका असला की पाखराला पुढं काहीतरी आहे हे कळतं, म्हणे.

जावई भडकला. "एवढी महागाची काच, आन् आप्पांनी तिला देवी आणल्या! लोक हसत्याल." वास्तुशांतीच्या सकाळी काच पुसायची, असं त्यानं जाहीर केलं. बापानं खरं कारण चार वेळा सांगितलं, पण पोरगा ऐकेना. लेकीचा मला फोन आला, "बाबा, तुम्ही समजवा ना दोघांना." मी मुलीचा बाप, मी काय समजावणार? आदल्या संध्याकाळी पोहोचलो तर व्याही ओट्यावर बसलेले. "उद्या पुसतोय त्यो," एवढंच म्हणाले. वादात कधीही न हरणारा हा माणूस तेव्हा अगदी एवढासा दिसत होता. मला फार वाईट वाटलं.

सकाळी पाहुणे जमले. जावई बादली आणि ओलं फडकं घेऊन काचेशी आला, तोच व्याह्यांची थोरली बहीण, कोऱ्हाळ्याच्या आक्का, टेम्पोतून उतरल्या. त्यांनी काचेकडे बघितलं आणि कौतुकानं कानशिलांवर बोटं मोडली. "बरं केलंस बाबा! पिकात काळ्या मडक्याला चुन्याचं ठिपकं देतो, तसंच की! एवढ्या काचंला नजर लागल्याबिगर ऱ्हायली असती व्हय?" सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. जावयाचा हात थांबला. सगळे व्याह्यांकडे बघू लागले. आता नजर म्हणजे काय, प्रकाशाचे किरण म्हणजे काय, असा तासाभराचा पाठ सुरू होणार, म्हणून मी खुर्ची ओढून बसलो. त्यांनी तोंड उघडलं. पोराच्या हातातल्या फडक्याकडे बघितलं. मग खाली मान घालून म्हणाले, "व्हय आक्का. नजरंसाठीच."

वास्तुशांतीच्या दिवशी नजरेचे ठिपके पुसायची कुणाची छाती आहे? फडकं बादलीत गेलं. पुढं तर गल्लीतल्या काचवाल्या घरांतून विहीणबाईंचा कागद हातोहात फिरू लागला. "गुरुजी, आवसेलाच लावायचं का?" असं विचारायला लोक येत. हे दात-ओठ खात सांगत, "कवाबी लावा. पण बाहेरच्या अंगानं, आन् चार-चार बोटांवर. लांब पडलं तर गुण येत न्हाय."

परवा गेलो तेव्हा मी चेष्टा केली, "व्याही, आता दक्षिणा घ्यायला सुरुवात करा." ते हसले नाहीत.

"काल माझा जुना विद्यार्थी आलता. म्हणाला, सर, नजर-बिजर काय नसतं हे तुमीच शिकवलं. मी घरात भांडत हुतो, तर आई म्हणती, तुझं सरच लावत्यात."

"मग त्याला तरी खरं सांगायचं."

"सांगणार हुतो. ओठावर आलतं. पण त्येची आई दारातच उभी हुती, आन् त्येचं घर कोपऱ्यावरचं. गल्लीतली सगळ्यात मोठी काच त्येची."

"मग?"

"मग काय. चुना कालवून दिला."

कालव्याच्या झाडांत बुलबुलांचा कालवा चालला होता. व्याही तिकडे बघत बसले. त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल जे वाटलं, ते व्याह्याला तोंडावर सांगायची आमच्यात पद्धत नाही. मी नुसताच त्यांच्या शेजारी बसून राहिलो.