घुंगरमाळेवरचं कुंकू

आमचं दुकान बैलांच्या साजाचं. अकोल्याच्या जुन्या बाजारात, आजोबांपासूनचं, आणि पाटीवर अजून आजोबांचंच नाव. घुंगरमाळा, गोंडे, वेसणी, कासरे, पोळ्याच्या झुली. घरात आम्ही हिंदी बोलतो, पण दुकानाच्या गादीवर बसलं की अब्बांची जीभ आपोआप वऱ्हाडी होते, माझ्याशी बोलतानासुद्धा. मी मराठी शाळेत शिकले, बी.कॉम. झाले, दोन ठिकाणी मालकाशी भांडून नोकरी सोडली आणि येऊन गादीवर बसले. माझा स्वभाव नोकरीच्या लायकीचा नाही असं अम्मी म्हणते. असेलही.

काळ वाईट होता. एका वर्षी पाऊस दगा द्यायचा, दुसऱ्या वर्षी कपाशीला बोंडअळी, आणि पिकलंच तर भाव नाही. लोकांनी सगळ्यात आधी बैल विकले. चारा कुठून आणणार? वखरणीला भाड्याचा ट्रॅक्टर येतो, काम करतो, निघून जातो. त्याला ना वेसण लागते ना घुंगरू. पोळ्याआधीचा महिना म्हणजे आमची वर्षाची कमाई, आणि त्या महिन्यात अब्बा दुपारभर नुसतं पितळ पुसत बसायचे. मोबाइलची कव्हरं विकणारा एकजण दुकान भाड्यानं मागून गेला होता. अब्बांनी त्याला पोळ्यापर्यंत थांबायला सांगितलं. या पोळ्याला धंदा झाला तर दुकान आपलं, नाही तर किल्ली त्याच्या हातात.

म्हणून मी माळा ऑनलाइन टाकल्या. घराच्या दाराला एक टांगली, चांगल्या उजेडात फोटो काढले, आणि एका खरेदीच्या ॲपवर लिहिलं, 'दारासाठी पारंपरिक घुंगरमाळ'.

अब्बांनी वाचलं आणि माझ्याकडे पाहतच राहिले. "बैलाची माळ दाराले? दार काय वावरात चालते?"

पण ऑर्डरी आल्या. पुण्याहून, ठाण्याहून, एक तर थेट बंगळुरूहून. अब्बा हरखले. फोनचं काम माझं, बांधाबांधीचं त्यांचं. प्रत्येक माळ ते कानाजवळ धरून हलवायचे, एखादं घुंगरू बद्द वाजलं तर बदलायचे, मगच कागदात गुंडाळायचे. आणि गुंडाळण्याआधी सुती पट्ट्यावर अंगठ्यानं कुंकवाचं बोट लावायचे.

हे नवं नव्हतं. आमच्या गादीवर कुंकवाची डबी आजोबांच्या काळापासून आहे. बैलाचा साज कोरा न्यायचा नसतो, देणाऱ्याच्या हातचं कुंकू लागलं म्हणजे तो बैलाला लाभतो, असं इकडचे शेतकरी मानतात. देणारा मुसलमान आहे याचं त्यांना कधी काही वाटलं नाही, आणि लावणाऱ्यालाही नाही. अब्बा नमाज पढून येत आणि गिऱ्हाईक उभं असेल तर डबी उघडत. मी हे इतकं बघितलेलं, की पार्सलात कुंकू जातंय हे डोळ्यांसमोर असूनही मला दिसलं नाही.

पुण्याच्या एका बाईंनी माळ परत पाठवायचा अर्ज केला. कारण लिहिलं, 'वापरलेला माल'. सोबत फोटो, पट्ट्यावरच्या लाल बोटाचा, अगदी जवळून घेतलेला. खाली एक तारा, आणि अभिप्राय: 'लाल डाग पडलेली माळ पाठवली आहे. काहीतरी उतारा केल्यासारखं वाटतं. विक्रेत्याचं नाव बघा म्हणजे समजेल. सावध राहा.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिथंच खाली उत्तर लिहिलं: 'बाई, हे कुंकू आहे. तुम्ही कपाळाला लावता तेच. माल नवा आहे, नजर तेवढी तपासून घ्या.' आजही ते वाक्य मला चूक वाटत नाही.

रीतसर तक्रारही केली. ॲपवाल्यांच्या यादीत माल फुटला, माल चुकला, माल वापरलेला, असे रकाने होते. कुंकवाचा रकाना कुठून असणार? मी 'इतर' वर बोट ठेवून सगळं सविस्तर लिहिलं, दुकानाचा फोटो जोडला, डबीचा जोडला. उत्तर आलं ते कुणी माणसानं लिहिलेलं वाटत नव्हतं. ग्राहकाचा अनुभव आम्ही बदलू शकत नाही, मालावर बाहेरचा पदार्थ आढळला आहे, पैसे ग्राहकाला परत केले आहेत. बाहेरचा पदार्थ. मी ते दोन शब्द पुन्हा पुन्हा वाचले.

शेवटी पार्सलावरचा नंबर बघून बाईंचाच फोन आला. आवाज तिशीतला, घाबरलेला.

"अहो, मला तसं काही म्हणायचं नव्हतं," त्या म्हणाल्या. "माळ आली त्याच दिवशी मुलाला ताप भरला. सासूबाईंनी ते लाल बघितलं, वर पार्सलावरचं नाव. त्या ऐकेचनात."

"ताप उतरला का?" मी विचारलं.

"उतरला. पण तुम्ही हे लावताच कशाला? तुमच्यात चालतं का हे?"

मी तिला गादीवरची सगळी रीत सांगितली. ती ऐकत होती, मधेमधे हो म्हणत होती. मला वाटलं, जमलं. मी म्हटलं, "मग तो अभिप्राय काढून टाका ना. आमचा सीझन आहे हो."

ती म्हणाली, "मी काढणारच होते. पण तुम्ही जे उत्तर लिहिलंत ना, ते घरात सगळ्यांनी वाचलंय. आता काढलं तर आमचंच चुकलं असं होईल."

"तुमचंच चुकलंय," मी म्हटलं, आणि तिनं फोन ठेवला.

मग बाकीचे जमले. ज्यांनी माळ घेतलीही नव्हती तेही येऊन लिहू लागले. आधीच्या एका गिऱ्हाइकानं, ज्यानं पाच तारे दिले होते, आपल्या माळेवरच्या बोटाचा फोटो टाकून विचारलं, 'माझ्याकडेही आहे, काय करावं?' लोकांनी त्याला नदीत सोडायला सांगितलं. आमची माळ यादीत इतकी खाली गेली की मला स्वतःला ती शोधून सापडेना. पोळा तोंडावर आला आणि ऑर्डरी बंद. परत आलेली माळ कुणीतरी पाण्यानं घासली होती. कुंकू पुसलं गेलं नव्हतं, पसरलं होतं. सगळा पांढरा पट्टा गुलाबी झाला होता.

अब्बांनी तो पट्टा पाहिला. "हे काय झालं? आन् ऑर्डरी काहून बंद झाल्या?"

"मंदी आहे," मी म्हटलं.

"मले बनवू नको. दाखव फोन."

ते मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेले. फोन लांब धरून, ओठ हलवत, एकेक शब्द वाचत गेले. मला तो फोन हिसकावून घ्यावासा वाटत होता. उतारा या शब्दावर थांबले, पुढे गेले. वाचून झाल्यावर म्हणाले, "बिचारीचं पोट्टं बिमार होतं." मग थोड्या वेळानं, "नाव बघा म्हनते, म्हंजे काय?"

त्यांना कळलं होतं. तरी त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, "काही नाही अब्बा, असंच." त्यांनी फोन माझ्याकडे दिला आणि पितळ पुसायला घेतलं. त्या दिवशी मी मोरीत जाऊन रडले. रागानं रडले, आणि त्या बाईला मनातल्या मनात नको नको ते बोलले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मूर्तिजापूरकडचा एक शेतकरी आला. दरसाल येणारा. त्याच्या गावात आता दोनच जोड्या उरल्यात म्हणाला, त्यातली एक त्याची. त्याच्याकडे बघून मला बरं वाटलं. निदान आज कुणीतरी माळ बैलासाठी घेतोय.

अब्बांनी माळ काढली, कानाजवळ हलवली. नेहमीसारखा हात डबीकडे गेला आणि वाटेतच थांबला.

"लावू काय?" त्यांनी विचारलं.

शेतकऱ्याला समजलंच नाही. "म्हंजे?"

"कुंकू. लावू काय?"

"इचारता काय चाचा? दरसाल लावता ना. लावा."

अब्बा हसले. मग डबी उघडून त्यांनी ती त्याच्यापुढे सरकवली. "तुमीच लावा. माहे हात तेलाचे झाले."

त्यानं अंगठा बुडवला, पट्ट्यावर बोट ओढलं, माळ खांद्यावर टाकली आणि घुंगरं वाजवत बाजारातून निघून गेला. अब्बा आपले हात मांडीवर ठेवून बसले होते. हात कोरडे होते. मी शेजारीच होते.