धर्मा घाडीचं गाऱ्हाणं

रविवार, १७ जानेवारी १९८२. उद्यापासून गिरण्या बंद. पेशंट नव्हते म्हणून दवाखाना लवकर आटोपला. चार वाजता चाळीच्या पटांगणात सभा. मोंडकर बोलले. मग धर्मा घाडीने गाऱ्हाणे घातले व सर्वांनी नारळाला हात लावून शब्द दिला. डॉक्टर म्हणाले, आता हे लोक मागे फिरणार नाहीत. परतताना टॅक्सी मिळेना, लालबागपर्यंत चालत आलो.

ही माझ्या रोजनिशीतली नोंद. आमचं घर गिरगावात. यजमानांचा दवाखाना मात्र काळाचौकीला, गिरणीसमोरच्या चाळीच्या तळमजल्यावर होता. मी रोज त्यांच्याबरोबर जायची, केसपेपर लिहायची, गोळ्यांच्या पुड्या बांधायची. माझ्या टेबलासमोरची खिडकी पटांगणाकडे उघडायची, त्यामुळे चाळीतली भांडणं, बारशी, सभा सगळं मला बसल्या जागी दिसे.

धर्मा घाडी त्या गिरणीत साचे चालवायचा. कापड विणायच्या मागाला गिरणगावात साचा म्हणत. तो खोकल्याच्या औषधाला यायचा आणि इतकं कमी बोलायचा की दुखणं त्याची बायको तुळसा सांगायची. "ह्येंका धाप लागता. इचारल्यार नाय म्हणतले. तुमी ऐकू नका, डॉक्टर."

पण त्यांच्या गावात, देवगडच्या बाजूला, धर्माच्या घराण्याला मान होता. घाडी म्हणजे गावाच्या वतीने देवाशी बोलणारा माणूस. देवळात उभं राहून तो गावाचं मागणं देवापुढे मांडतो आणि प्रत्येक ओळीला जमलेले लोक "व्हय म्हाराजा" म्हणतात. शिमग्याला धर्मा रजा टाकून गावी जायचाच, आणि चाळीच्या गणपतीतही गाऱ्हाणं त्याचंच. एरवी तोंडातल्या तोंडात पुटपुटणाऱ्या या माणसाचा आवाज तेव्हा वरच्या मजल्यावरच्या बायकांना गॅलरीत ओढून आणायचा.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. सिस्टर प्रार्थनेची एक ओळ म्हणत आणि आम्ही मुली मागून उत्तर देत असू. उत्तर देता देता माणूस कबूल होत जातो, हे मला त्या वयातच कळलं होतं. जगदीश मोंडकरांना ते एका गणेशोत्सवात कळलं.

मोंडकर दादरचे. वकिलीचं शिक्षण झालेले, वय जेमतेम पस्तीस, आमच्या विभागात संपाची बांधणी त्यांच्याकडे. माणूस लबाड होता असं मी म्हणणार नाही. कुणाच्या घरी चहाला बसले तर म्हाताऱ्यांच्या पाया पडत, पोरांची नावं लक्षात ठेवत. आणि बोलत फार छान. त्या रविवारी ते म्हणाले, "पगारासाठी लढणारा पगार मिळाला की घरी जातो. आपण पगारासाठी लढत नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी ही मुंबई विणली, त्यांच्या नावासाठी लढतोय." समोर बसलेल्या माणसांच्या पाठी ताठ झालेल्या मी खिडकीतून पाहिल्या. धर्माचीही.

सभेआधी दवाखान्याच्या पायरीवर त्या दोघांचं बोलणं झालं होतं. मोंडकरांना गाऱ्हाण्यात एक ओळ हवी होती. आत जाऊ तर सगळे मिळून जाऊ, एकटा कुणी पाऊल टाकणार नाही.

धर्मा कचरला. "साहेब, भाषणात बोला काय व्हया ता. पण देवाक दिलेलो शब्द असोच सुटणा नाय. ज्येच्या सांगण्यावरून घातलो, त्येना सगळ्यांसमोर उभा रवान परत मागूक लागता. आमच्या गावची तशी रीत असा."

"मग मी उभा राहीन. मी काय पळून चाललोय?" मोंडकर हसून म्हणाले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. खांद्यावरच्या त्या हाताचं धर्माला किती वाटलं ते मला दिसत होतं. गिरणीत वीस वर्षं काढूनही कुणी शहाण्या माणसाने त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं.

मारुतीच्या घुमटीसमोर नारळ ठेवला गेला. धर्माने गावच्या रवळनाथाला साद घातली, ओळ घातली, आणि पटांगणभर "व्हय म्हाराजा" उठलं. मोंडकरांनीही म्हटलं.

पुढचे काही महिने धर्मा मला दुसराच माणूस वाटे. दर रविवारी सभेत त्याचं गाऱ्हाणं, मग मोंडकरांचं भाषण. खोकला होताच, पण औषधाला यायला त्याला वेळ नसे. तुळसा यायची. घरात काय शिजतंय ते तिच्या चेहऱ्यावर दिसायचं. "मान मान करतत," ती म्हणाली. "ह्यो मान खंयच्या टोपात शिजता ता इचारा तुमच्या मोंडकरांका."

"माझे कसले मोंडकर?" मी म्हटलं.

"शिकलेले सगळे तुमचेच, बाई."

पावसाळ्यानंतर एकेक जण फुटायला लागला. चाळीतला पहिला सीताराम गावडे. गावी जातो म्हणून निघाला आणि गिरणीच्या आतच राहिला. तेव्हा कामावर गेलेल्यांना आतच जेवण-झोप देत. पंधरवड्यात त्याची दोन बोटं साच्यात गेली. अर्धवट शिकलेली माणसं, तेलपाणी न केलेली यंत्रं, दुसरं काय होणार? ड्रेसिंगला आला तेव्हा डॉक्टरांनी त्याला हेच सांगितलं. सीताराम बँडेजकडे बघत म्हणाला, "नाय डॉक्टर. घाड्याचा गाऱ्हाणा लागला माका."

ही गोष्ट दुपारपर्यंत चाळभर झाली. सीतारामची बायको ललिता धर्माच्या दारात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. धर्मा आत बसून राहिला. त्या दिवसानंतर आमच्या चाळीतून कुणी आत गेलं नाही. मोंडकरांनी एका सभेत सांगितलं, बघा, ही एकजूट. ती भीती होती. पण सभेत ती एकजुटीसारखीच दिसायची, आणि तेवढं त्यांना पुरत होतं.

दुसरं वर्ष लागलं. रविवारच्या सभा आटल्या. मोंडकर ठाण्याकडच्या केमिकल कारखान्यांत युनियन बांधायला लागले होते. ऑगस्टमध्ये गिरणीच्या फाटकावर नोटीस लागली: महिनाअखेरपर्यंत जे येतील ते, बाकीच्यांची नावं कमी. मोंडकरांनी एका पोऱ्याहाती निरोप पाठवला, ज्याला जायचंय त्याने जावं, माझी हरकत नाही.

निरोप ऐकून सगळे धर्माकडे बघायला लागले. हरकत नसून कसं चालेल? त्याने येऊन शब्द परत मागायला हवा होता. काहीजण चिडून म्हणाले, घाड्या, तूच घातलास, तूच काढ. पण ज्याच्या सांगण्यावरून घातला तो जिवंत असताना दुसऱ्याने काढायचा नसतो.

तुळसा माझ्या टेबलापाशी आली. "बाई, आमच्याबरोबर दादरला चला. तुमी असलात तर खुर्चेर तरी बसयतलो."

शुक्रवारी आम्ही गेलो. धर्माने धुतलेला शर्ट घातला होता, पिशवीत नारळ होता. मोंडकरांनी खरंच प्रेमाने बसवलं, चहा मागवला, खोकला कसा आहे विचारलं. धर्माने आपलं म्हणणं मांडलं. रविवारी अर्धा तास या. देवासमोर उभे रवा. बाकी मी बघतंय.

मोंडकरांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "धर्मा, तुला कळत नाही. मी तिथे सगळ्यांसमोर उभा राहून शब्द मागे घेतला, तर दुसऱ्या दिवशी पेपरात येईल, मोंडकरने संप मोडला. ठाण्याची माणसं माझ्यावर विश्वास ठेवतील का?"

"पण साहेब, नोटीस..."

"तू असं कर. नारळ आणलायस ना? दे, इथेच फोडतो."

धर्माने पिशवी मांडीवर घट्ट धरली. तो काही बोलायच्या आधी तुळसा बोलली. "बांधताना पटांगण लागला, आणि सोडताना सोफो?"

"तुळसाबाई, तुमचा राग मी समजू शकतो," मोंडकर म्हणाले आणि उठून धर्माच्या शेजारी येऊन बसले. मग ते बोलायला लागले. संप हरला तरी माणूस हरत नाही. उद्या कुणी विचारेल, त्या वेळी ताठ कोण उभं होतं, तर तुझं नाव येईल. तुझ्या आवाजाने माणसं उभी राहिली, माझ्या नाही. ठाण्याच्या फाटकावरही सगळी आपल्याकडचीच पोरं आहेत, एकदा येऊन त्यांच्यासाठी गाऱ्हाणं घाल.

मला वाटलं होतं धर्मा उठून निघेल. तो ऐकत होता. हळूहळू त्याची मान वर आली, डोळ्यांत पाणी आलं. जे मागायला आला होता ते मिळालं नव्हतं, आणि तरी जिना उतरताना तो म्हणाला, "साहेबांनी सांगला ता खोटा नाय."

"व्हय," तुळसा म्हणाली. "खोटा नाय. फक्त तो येवचो नाय."

ठाण्याला मात्र तो गेला नाही. एवढं त्याला कळलं होतं.

रविवार, २८ ऑगस्ट. धर्माने स्वतःच सगळ्यांना पटांगणात बोलावलं. नारळ ठेवला. माझी खिडकी उघडी होती. पहिल्या ओळी नेहमीच्याच होत्या. मग तो म्हणाला, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरांनी जो बोल तुझ्या पायाकडे ठेवलो, त्या बोलाचो धनी आज हय येवक नाय. तर तो बोल ह्या एका घाड्याच्या माथ्यार ठेव, आणि बाकीच्या लेकरांका मोकळा कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

संपाच्या पहिल्या दिवशीसुद्धा ते उत्तर इतकं मोठ्याने आलं नव्हतं. कुणी क्षणभर थांबलं नाही, कुणी धर्माचं नाव घेऊन नको म्हटलं नाही. तुळसा वरच्या गॅलरीत होती, ती आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीतली माणसं डबे घेऊन फाटकातून आत गेली. धर्मा दारात बसला होता. बहुतेकांनी दुसऱ्या बाजूचा जिना वापरला. सीताराम तेवढा त्याच्यासमोर थांबला. "तू पण चल. देव काय हजेरी घेता?"

"माझी घेता," धर्मा म्हणाला.

महिना संपला आणि त्याचं नाव कमी झालं. ज्यांनी आत पाऊल टाकलं त्यांच्यापैकी निम्म्यांना गिरणीने पुढच्या दोन वर्षांत घरी बसवलंच, पण तेव्हा धर्मा मुंबईत नव्हता. खोली दिराला देऊन तुळसा त्याला गावी घेऊन गेली होती. दिवाळीला तिचं पत्र यायचं, शेजारच्या मुलीकडून लिहून घेतलेलं. एका पत्रात होतं की शिमग्याला गाऱ्हाणं आता चुलत भाऊ दत्तू घालतो. ज्याच्या माथ्यावर देवाचा बोल अडकलाय त्याने देवासमोर उभं राहू नये, असं गावकऱ्यांनी ठरवलं. धर्मा देवळाच्या बाहेर बसतो. "व्हय म्हाराजा" म्हणायलाही आत जात नाही.

एकोणीसशे नव्वदच्या हिवाळ्यात दादरच्या एका सभागृहात मोंडकरांचं व्याख्यान होतं. श्रोते कुठल्याशा कंपन्यांचे अधिकारी, विषय माणसांना ध्येय कसं द्यावं. यजमानांना जाऊन वर्ष झालं होतं. भाचीने आग्रह केला म्हणून मी गेले. मोंडकरांचे केस पांढरे झाले होते, आवाज तसाच होता. त्यांनी धर्माची गोष्ट सांगितली. नाव न घेता, 'माझा एक साधा कार्यकर्ता' म्हणून. त्याने सगळ्यांचं ओझं स्वतःच्या माथ्यावर घेतलं, असं ते म्हणाले. ध्येय दिलं की सामान्य माणूस कुठवर जातो ते बघा. टाळ्या बराच वेळ चालल्या.

मी त्यांना दारात गाठलं. म्हटलं, "तो माणूस अजून देवळाबाहेर बसतो. तुम्ही एकदा गावी जाऊन उभे राहिलात तर त्याला आत जाता येईल. आता पेपरवाले विचारणार नाहीत."

त्यांनी मला ओळखलं. हात जोडले. धर्मा अजून तिथेच अडकलाय हे ऐकून त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "बाई, जायलाच हवं. मे महिन्यात नक्की जमवतो." पत्ता त्यांनी खिशातल्या कागदावर लिहून घेतला. मग कुणीतरी त्यांना फोटोसाठी बोलावलं.

मी तुळसाला पत्र टाकलं नाही. कळवून काय करायचं होतं, आशा? पण मोंडकरांनी स्वतः पत्र टाकलं. येतोय म्हणून, दोन ओळी. तुळसा नंतर सांगत होती की त्या मे महिन्यात धर्मा रोज सकाळी अंघोळ करून एसटीच्या थांब्यावर जाऊन बसायचा. पाऊस सुरू झाल्यावर तिने त्याला जाऊ दिलं नाही.

तो पुढच्या मार्गशीर्षात गेला. तुळसा धाकट्या दिराकडे आली होती, तेव्हा गिरगावात मला भेटून गेली. मी विचारलं, शेवटी काही बोलला का.

"बोललो," ती म्हणाली. "साहेबांका कामा असतली म्हणून."

चहा घेऊन ती गेली. तिचं येणं आणि धर्माचं जाणं मी त्या संध्याकाळी रोजनिशीत दोन ओळींत लिहिलं. त्याखाली आहे: पाण्याचे पिंप घासून घेतले. उद्या पाणी सकाळी पाचला येणार.