एकवीस दिवस थांब

हे आत्ताच सांगून टाकतो. मोर्शीच्या स्टँडवर बसलोय, अमरावतीची गाडी अर्ध्या तासात येते असं चौकशीवाले एक तासापासून सांगून राहिले, मोबाईल पंधरा टक्क्यांवर आहे, आणि घरी जाऊन जेवलो की हे सगळं लहान वाटायला लागेल अशी भीती आहे. घाईत टाइप करतोय, चुका समजून घ्या.

आमच्या नर्सरीतल्या मावशीच्या ओठांत कायम एक डोळा असायचा.

डोळा म्हणजे संत्र्याच्या काडीवर, पानाच्या बगलेत असतो तो कोंब. जंबेरीचं, म्हणजे एका आंबट जंगली लिंबाचं रोप वाढवायचं. ते पेन्सिलीएवढं जाड झालं की जमिनीपासून वीतभर उंचीवर सालीला चिरा द्यायचा, त्या चिऱ्यात संत्र्याचा डोळा सरकवायचा आणि वरून प्लास्टिकची पट्टी बांधायची. एकवीस दिवसांनी पट्टी सोडायची. डोळा हिरवा दिसला तर लागला, काळा दिसला तर मेला. तुम्ही आजवर खाल्लेल्या संत्र्यांमागे कुठे ना कुठे अशी एक पट्टी आहे. मी हे कॉलेजात दहा मार्कांसाठी लिहिलं होतं, आकृतीसकट. हाताने एकदाही केलं नव्हतं.

मावशी डोळा कापायची, ओठांत धरायची, मोकळ्या हाताने खुंटाला चिरा द्यायची आणि मग डोळा बसवायची. त्यामुळे काम चालू असताना तिला काहीही विचारलं तरी उत्तर एकच यायचं. "हं." बोलायला तोंड उघडलं की डोळा खाली पडायचा, आणि पडलेला डोळा ती परत वापरायची नाही, माती लागते म्हणून. म्हणजे मावशीचं एक वाक्य एका डोळ्याला पडायचं. ती सहसा गप्पच असायची.

नर्सरीत पुरुष डोळे भरायचे, म्हणजे खुंटात बसवायचे, आणि बाया मागून पट्टी बांधत यायच्या. मावशी दोन्ही एकटीच करायची आणि ओळ आधी संपवायची. त्यावर कोणी काही बोलत नव्हतं. फक्त तिच्या शेजारची ओळ कोणी घेत नव्हतं.

मी तिथे गेलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. कृषीची डिग्री झाली होती, स्पर्धा परीक्षा दोनदा झाली होती, दोन्ही वेळा परीक्षेचंच जमलं, माझं नाही. अकोल्यात बाबांनी सांगून ठेवलं होतं, "होळीपर्यंत नर्सरीत जमलं त ठीक. नाही त मामाच्या दुकानात बस." मामाचं मोबाईल कव्हरचं दुकान आहे. मामा चांगला माणूस आहे. कव्हरंही चांगली आहेत. पण मला रात्री स्वप्नात ती कव्हरं लटकलेली दिसायची.

नर्सरीच्या मालकांना सगळे भाऊ म्हणायचे. भाऊंनी मला सुपरवायझर म्हणून ठेवलं, तेही होळीपर्यंतच, पाहून. आणि पहिल्याच दिवशी मावशीच्या ओळीत उभं केलं. "हे डिग्री घेऊन आलेत," भाऊ म्हणाले. मावशीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तेव्हापासून माझं नाव डिग्री.

त्या काळात मी रोज सकाळी प्रेरणादायी व्हिडिओ ऐकायचो. इअरफोन कानात घालून, गाडीवर येताना. आलो की अंगात इतका जोश असायचा की कोणाशी तरी बोलल्याशिवाय राहवत नसे. जेवणाच्या सुट्टीत मावशीचं तोंड मोकळं असायचं, म्हणजे भाकर असायची, पण भाकरीसोबत ती बोलायची.

"मावशी, तुम्हाला या कामातून प्रेरणा काय मिळते?"

"कायची?"

"म्हणजे सकाळी उठून इथं यावं असं का वाटते?"

"ऊन चढल्यावर साल सुटत नाही. म्हनून सकाळी या लागते."

मी ते मोबाईलमध्ये लिहून घेतलं. नंतर वाचलं तर त्यात लिहिण्यासारखं काही सापडेना, पण पुसलंही नाही. अजून आहे.

तिचं दुसरं ठरलेलं वाक्य म्हणजे "एकवीस दिवस थांब." हे ती डोळ्यांबद्दलच म्हणायची असं नाही. कोणाला नवी चप्पल लागत असेल, एकवीस दिवस थांब. कोणाची सून माहेरी निघून गेली, एकवीस दिवस थांब. माझा तिसऱ्या परीक्षेचा निकाल लांबला, मी दर दहा मिनिटांनी मोबाईल बघून राहिलो होतो. "पट्टी रोज रोज सोडून पायली त डोळा मरते," ती म्हणाली. "एकवीस दिवस थांब." बाविसाव्या दिवशी निकाल आला. मी नापास होतो. "आता समजलं ना," ती म्हणाली, "मंग झालं."

मी तिला सांगितलं की माझ्या व्हिडिओतले सरही हेच म्हणतात, कोणतीही सवय लागायला एकवीस दिवस लागतात.

"त्यायची नर्सरी कुठं हाय?" तिने विचारलं.

आता माझी चूक सांगतो. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

भाऊंनी मला एक वाफा दिला, पूर्ण माझा, दोनशे दहा रोपं. मला वाटलं आता दाखवायची संधी आहे. एकेक डोळा कापा, मग बसवा, मग बांधा, यात किती वेळ जातो. मी सकाळीच सगळे डोळे कापून ओल्या फडक्यात, डब्यात भरून ठेवले. आणि प्रत्येक डोळ्याखाली पानाचा देठ राहतो, बारीकसा, तो मला ओबडधोबड वाटला. मी सगळे देठ छाटले. नीट, स्वच्छ, एकसारखे. मावशी शेजारून गेली, डब्यात पाहिलं, थांबली. तिच्या ओठांत डोळा होता. "हं," म्हणाली आणि पुढे गेली. मला ते कौतुक वाटलं.

दीड दिवसात वाफा संपवला. एकवीस दिवसांनी पट्ट्या सोडल्या. दोनशे दहापैकी एकशे नव्वद हिरवे. मी फोटो काढून बाबांना पाठवला. बाबांनी अंगठा पाठवला. बाबा अंगठा पाठवतात म्हणजे आमच्या घरात सण असतो.

मग डोळे फुटले. खाली.

देठ हा डोळ्याचा पाय असतो. पाय खाली, डोकं वर, तसा डोळा बसवायचा. पाय कापल्यावर डब्यातल्या डोळ्याला वर कुठलं आणि खाली कुठलं हे मला कळत नव्हतं, आणि कळत नाही हेही मला कळत नव्हतं. डब्यातून उचलायची माझी एकच लकब असावी, कारण जवळपास सगळे उलटे बसले. कोंब जमिनीकडे निघाले, चार बोटं गेले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं असावं, ते वळून वर आले. पूर्ण वाफाभर आकडे. छत्रीची मूठ असते ना, तसे.

नेमके त्याच दिवशी हिवरखेडचे दोन बागायतदार रोपं बघायला आले. त्यातला एक बराच वेळ माझ्या वाफ्यापाशी उभा राहिला. "भाऊ," तो म्हणाला, "हे झाडं खाली काय पाहून राहिले? काही पडलं काय त्यायचं?"

भाऊंनी विचारलं, "कोनाचा वाफा हा?"

मी माझ्या बुटाकडे पाहत होतो. मला वाटलं मावशी गप्प राहील, तिच्या ओठांत डोळा होता. तिने तोंड उघडलं, डोळा पडला. "डिग्रीचा."

तिने नवा डोळा कापला आणि ओठांत धरला.

"काहून झालं हे?"

परत तोंड उघडलं. "देठं कापले यानं. पाय कापल्यावर कोन्या बाजूनं उभं राहावं त्यानं."

नवा डोळा. होळी आठ दिवसांवर होती. मला मामाची कव्हरं दिसायला लागली, ओळीने लटकलेली, रंगीत.

"फेकून द्या हा वाफा," भाऊ म्हणाले. "अन् तुमी जरा ऑफिसात या."

तिसरा डोळा पडला. "फेकू नका, मले द्या. उलटे बसूनबी एकशे नव्वद लागले भाऊ. माह्ये सरळ बसून इतके नाही लागत."

भाऊंनी वाफ्यावरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाले, "ने." ऑफिसात त्यांनी मला चहा दिला आणि उद्यापासून मावशीच्या हाताखाली बस म्हणाले, सुपरवायझर नाही, शिकाऊ म्हणून. होळी आली आणि गेली. मी बाबांना सांगितलं, जमलं. फोटोबद्दल त्यांनी परत विचारलं नाही.

ती माझ्यासाठी तीन डोळे खर्च करून बसली होती, हे मला त्या दिवशी समजलं नाही. मी फक्त हे धरून बसलो होतो की हिने माझं नाव सांगितलं.

पुढे दोन हंगाम तिच्या शेजारच्या ओळीत बसलो. ती ओळ रिकामीच असायची. कधी चांगलं म्हणाली नाही. मी बांधलेली पट्टी नखाने टोकरून पाहायची, "हं" म्हणायची, पुढे जायची. मी आपला वाट बघायचो. एकदा सरळ विचारलं, "मावशी, जमते का मला आता?" ती म्हणाली, "एकवीस दिवस थांब." दोन वर्षं झाली होती.

मग तिचे गुडघे गेले आणि ती घरी बसली. मला दुसऱ्या नर्सऱ्यांमध्ये डोळे भरायला शिकवण्याची कामं मिळायला लागली, आता तेच करतो. तिच्या गावाला जाईन जाईन म्हणत गेलो नाही. मोर्शीपासून काही लांब नाही. भाऊंचा फोन आला तेव्हा मावशी वारली त्याला आठ दिवस झाले होते.

आज गेलो.

घर कोणतं हे विचारायला वस्तीत शिरलो आणि पहिल्याच दारात संत्र्याचं झाड दिसलं. बुडाशी, वीतभर उंचीवर, वाकलेलं. पुढच्या दारातही एक. त्याच्या पुढच्याही. खोड आधी खाली जाऊन मग वर आलेलं, आता मनगटापेक्षा जाड, आणि वर संत्री. एका झाडाच्या वाकावर एक म्हातारा पाय ठेवून चपलेचा अंगठा सरळ करून राहिला होता. एकाच्या वाकावर दोन वर्षांचं पोर बसून बिस्किट खात होतं. माझे सगळे आकडे. मावशीला शेत नव्हतं. तिने घरोघरी एकेक दिलं होतं, उरलेले शाळेच्या कुंपणाला लावले, आणि त्यातूनही उरलेले लोकांच्या लग्नात आहेर म्हणून दिले.

मावशीची सून दारात तांदूळ निवडत होती. "कोन पायजे?"

"मी नर्सरीतला. मावशीसोबत..."

"डिग्री का?"

"हो."

तिने शेजारी आवाज दिला, "आवं, डिग्री आला. उलटा." शेजारून तीन बाया बघायला आल्या. बघून झाल्यावर एक म्हणाली, "दिसते त सरळच."

पाणी दिलं, चहा दिला. मग सुनेने दाराजवळचा तेलाचा जुना डबा दाखवला. त्यात जंबेरीचं रोप होतं, पेन्सिलीएवढं, बरोबर वयात आलेलं. "साऱ्या वस्तीले वाटलं, अन् आमच्याच घरी झाड नाही. बी लावलं होतं त्यायनं. डोळा भराचा राह्यला. देता का भरून?"

चाकू माझ्या बॅगेत असतोच. शेजारच्या वाकड्या झाडाची एक काडी घेतली. ओलं फडकं नव्हतं, म्हणून डोळा कापून ओठांत धरला. सहा वर्षांत पहिल्यांदा. कडू लागतो, सालीसारखा.

बाया विचारत होत्या. लगन झालं का? हं. अकोल्याचेच का? हं.

सून म्हणाली, "सासूबाई रोज नाव काढे तुमचं. म्हने, पोरगं घाईचं हाय, डोकं भिंगरी हाय त्याचं. पन पट्टी बांधते त पानी शिरत नाही. घरात काही बांधलेलं सुटलं का म्हने, डिग्रीले बलवा."

मी तोंड उघडलं. "परत सांगा."

डोळा पडला. तिने परत सांगितलं, शब्दनशब्द तेच. मी नवा डोळा कापला.

बसवायला गेलो तर ती म्हणाली, "वाकडा बसवा बरं. साऱ्यायचे वाकडे अन् आमचाच सरळ काहून?"

हात ऐकत नव्हता. हजारो डोळे सरळ बसवले या हाताने, देठ खाली, डोकं वर. दोनदा बसवला, दोनदा सरळच बसला. तिसऱ्यांदा देठ वर धरला, डोक्यावर उलटा उभा केला आणि पट्टी बांधली. खालून वर, घट्ट. सुनेने नखाने टोकरून पाहिलं. कोणाकडून शिकली असेल ते विचारलं नाही.

"लागन का?" ती म्हणाली.

"एकवीस दिवस थांबा."

"हं," म्हणाली, आणि तांदूळ निवडायला बसली.

चार टक्के राहिले. गाडी लागली वाटते, लोक उठले. ओठ अजून कडू आहेत, पाणी पिऊनही. तुम्ही सांगा, तुमच्याही हातून कधी काही उलटं बसलं होतं का, ज्याची लाज वाटून तुम्ही परत तिकडे गेलाच नाहीत, आणि ते कोणाच्या तरी दारात उभं आहे का अजून, त्यावर पाय ठेवून कोणीतरी रोज चप्पल घालतं का?